दोनदा जेवणारं पोट

सात वर्सांचा म्हातारा ससा हाय मी, मित्रांनो. नाव कापश्या. पलूसजवळच्या मळ्यात, पत्र्याच्या सावलीला माझी जाळी. मालक लालासाहेब फौजेतनं सुभेदार हून आलेले, त्यामुळं घरात समदं टापटीप. बादल्या बी रांगेत. राहीबाई मालकीण म्हनायच्या, "आवं, आता कोंबड्यांची बी परेड घ्या की!"

माझं पोट लय अजब हाय. दिसभर मी हरळी अन् वाळलं गवत चघळतो. दात रोज वाढत्यात, रोज झिजत्यात. गिळलेला घास परत वर येत न्हाई. उलटीच हुईत न्हाई आमाला. आत गेलं त्यानं फुडंच जायचं. फुडं आतड्यात जशी काय चाळणच हाय. जाड चोथ्याच्या कोरड्या लेंड्या हुत्यात. बारीक गाळ मातूर मागं फिरतो अन् एका पिशवीत शिरतो. जठरापरास धा पट मोठी पिशवी, एवढ्याशा माझ्या अंगात! तिथं डोळ्याला न दिसनारं कोट्यानकोटी जीव त्यो गाळ आंबवत्यात, दुधाला विरजन लागावं तसं. मग त्याचं मऊ, चकचकीत घोस बाहीर येत्यात. ते मी भुईला टेकू न देता तोंडानंच उचलतो. ते माझं दुसरं जेवन.

एका सकाळी लालासाहेबांनी हे बघितलं, अन् झालं!

"अगं ये, ह्यो आपलीच घान खातोय! माझ्या घरात असलं चालायचं न्हाई."

त्यांनी नवंकोरं नरसाळं कापलं अन् माझ्या गळ्यात अडकवलं. "आता वाक बघू, लेका."

वाकलो. तोंड पोचंना. घोस खाली पडून वाळायचं अन् लालासाहेब खुशीत झाडून काढायचं. मी रोडावत गेलो. पाचव्या दिशी गवताचा वास बी नकोसा झाला. पोटातली हालचालच बंद पडली. मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो.

लालासाहेब गाजर घिऊन जाळीपाशी बसले ते उठंनात.

"तुमी तरी जेवा की," राहीबाई म्हनाल्या.

"त्यो खाईना, मग माझ्या घशाखाली कसं उतरंल गं?"

शेवटी मला पाटीत घालून पलूसला नेलं. जनावरांच्या डॉक्टरीण संयोगिताबाईंनी कानातली नळी पोटाला लावली अन् त्यांचा चेहराच उतरला.

"काका, पोट गप्प झालंय. सशाचं पोट थांबलं की जीव जातो. ते नरसाळं काढा आधी."

"पर म्याडम, त्यो घान खातोय वं..."

"घाण नाही काका. पहिल्या खेपेला न मिळालेली ताकद असते त्यात. गाय रवंथ करताना तिला मुसकी बांधता का तुम्ही?"

सुभेदारांनी लगोलग नरसाळं काढलं. कान लाल.

औषध झालं. गवत वाटून त्याचा रस लालासाहेबांनी घरी दोन दिस माझ्या गालात थेंबथेंब सोडला. मित्रांनो, जनावर पाळायचं तर आदी त्याचं पोट समजून घ्या. आपली शिस्त त्याच्या आतड्याला लावू नका.

तिसऱ्या सकाळी पोटात गुडगुडलं. मी हळूच मान खाली घातली. तोंड पोचलं.

"आवं, बघा बघा, वाकला!" राहीबाई धावत आल्या.

लालासाहेबांनी चटकन पाठ फिरवली अन् हात धरून राहीबाईंना बी वळवलं.

"बघू नगंस गं तिकडं. जेवतोय त्यो."