लीव्हनचं भाडं

"तुमच्या तर बरोबर डोक्यावरच गळतंय की हो," खोल्या बघायला आलेला उद्योगपती विनोक छताकडे बघत म्हणाला. पलंगाशेजारच्या बादलीत टपटप चालूच होती.

बेल्जियममधल्या ब्रुज शहरातल्या म्हाताऱ्यांच्या त्या धर्मादाय खोल्यांचं छत तो स्वतःच्या खर्चानं नवं करून देणार होता. या खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या गोडेलीव्हनं गुडघे कामातून जाईपर्यंत त्याच्याच गोदामात खोकी बांधली होती. त्यानं तिला ओळखायचं काही कारण नव्हतं आणि तिनंही ओळख काढली नाही. तिच्या डोक्यात भलताच किडा वळवळत होता.

"एक विचारू? तुम्ही जास्त श्रीमंत, की आमचा लीव्हन?"

लीव्हन म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी या खोल्या बांधणारा लोकरीचा व्यापारी. त्यानं भाडं पैशात ठेवलंच नव्हतं. रोज संध्याकाळी घंटा झाली की चॅपलमध्ये जाऊन त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, हेच भाडं.

विनोकला प्रश्न आवडला. तो स्टुलावर टेकला. "पैशात म्हणाल तर मीच, कितीतरी पटींनी. पण त्याच्याकडे गरम पाण्याचा नळ कुठं होता? दाढ दुखली की बोंबलत बसायचं. त्या हिशेबानं तुम्हीसुद्धा त्याच्यापेक्षा सुखी."

"तेही खरंच. त्याची पोरं प्लेगात गेली, माझी दोन्ही धडधाकट आहेत." तिनं जरा विचार केला. "मग तुमच्यासाठी काय मागायचं संध्याकाळी?"

"छे हो, काही नको. छत झालं की प्रार्थनेची अटच काढून टाका, असं मी विश्वस्तांना सांगितलंय. या वयात गुडघे कशाला झिजवायचे? आरामात राहा, फुकट."

तो मनापासून बोलत होता आणि तेच तिला लागलं.

"म्हणजे आमच्याकडून तुम्हाला काहीच नको?"

"काहीच नको," तो हसून म्हणाला आणि शेजारची खोली बघायला गेला.

लीव्हन लबाड असेल, गरिबांना पिळतही असेल, पण नरकाला भ्यायचा. त्याचं गोडेलीव्हवाचून अडत होतं. आजवर ती इथं भाडेकरू होती.

नवं छत पुरं झालं त्या संध्याकाळी घंटा झालीच नाही. ती कोट चढवून निघाली तशी शेजारच्या इर्मानं टीव्हीसमोरूनच हटकलं, "अगं, माफ झालंय ना आता?"

"मला फुकट राहायची सवय नाही."

रिकाम्या चॅपलमध्ये ती बाकाला धरून हळूहळू गुडघ्यांवर बसली. आधी लीव्हनचं नाव घेतलं, मग थोडं थांबून विनोकचं.