विराटचं सुतक

आमच्या ह्यांनी नेव्हीतली उभी हयात विराटच्या बॉयलरपाशी घाम गाळला. बोट मूळ इंग्रजांची. तिकडे तिचं नाव हर्मिस. फॉकलंडची लढाई लढली, मग आपल्याकडे आली नि विराट झाली. बाई सासरी येऊन नाव बदलते, तशी. माहेरापेक्षा सासरीच जास्त नांदली, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

आता ती नाही. गुजरातेत किनाऱ्यावर ओढून तिचे तुकडे केले. साऱ्या जगाला ठाऊक, फक्त ह्यांना नाही. ह्यांना आता पेपर वाचवत नाही आणि टीव्हीचा रिमोट माझ्या हातात.

दुबईशेजारी अजमानला सुजीतकडे, आमच्या लेकाकडे, ह्यांचं छातीचं दुखणं बळावलं. अन्नावरची वासना गेली. डॉक्टरीण हुमेरा म्हणाली, "अम्मा, खाना छूटा तो खलास." तेव्हा मी ह्यांना सांगितलं, "चार घास खा. ताकद आली की डिसेंबरात मुंबईला जाऊ, बोट बघू. म्युझियम केलंय तिचं." त्या खोट्यावर माणूस पेज पीत होता. खऱ्याचं मी काय लोणचं घालू?

नात इशिताला शाळेत आजोबांच्या नोकरीवर बोलायचं होतं. मोबाईल घेऊन पलंगावर बसली.

"कुठल्या धक्क्याला बांधलीय, बघ गं," हे म्हणाले.

"आजोबा, इट्स गॉन. दे ब्रोक इट अप."

मी डाव घेऊन स्वयंपाकघरातून धावले, तोवर झालं होतं.

"सगुणा, तुला ठाऊक होतं?"

"होतं. आणि मरेपर्यंत सांगितलं नसतं."

ओरडले नाहीत. सुजीतला म्हणाले, "खालच्या सलूनवाल्याला बोलव. केस द्यायचेत."

हे बोटीला आई म्हणायचे. पण आमच्यात केस देतात ते खरे आईबाप गेल्यावर.

"लोखंडासाठी? लोक हसतील!" मी म्हटलं.

"हसू देत. तिला जाऊन वर्षं झाली, नि मी मिशीला पीळ देत बसलो."

सलूनवाल्याने वस्तरा काढता काढता विचारलं, "बाबूजी, कौन गुज़र गया?"

"माँ."

सुजीत गॅलरीत निघून गेला.

हे सुतक पाळायला पलंग सोडून चटईवर आले. पेजेचं वरचं पाणी तेवढं घेत. हाडं दिसायला लागली. मग मी ठरवलं. "उशिरा कळलेलं सुतक तीन दिवसांत फिटतं," म्हटलं. आईचं तसं फिटत नाही, मला चांगलं ठाऊक. पण अजमानात मला खोडून काढायला भटजी कुठला बसलाय?

चौथ्या दिवशी खीर केली. "सुतक फिटलं. तोंड गोड करा."

एक चमचा घेतला. कसाबसा गिळला.

"रीत झाली, सगुणा."

"रीत झाली, पोट कुठे भरलं? घ्या अजून. डिसेंबरात मुंबईला जायचंय ना?"

"कुणाकडे?"

धाकटा दीर आहे, पुतण्या आहे, सगळी नावं घेतली. चमचा ओठांशी धरला. दात आवळलेले ते आवळलेलेच.