कोरडी राख

किशनराव खोकायला लागला की अर्ध्या बोरी गावाला पहाट झाल्याचं कळायचं. वीस वर्षं जिनिंगात कापसाची धूळ खाल्लेली. खाटेखाली थुंकायला राखेचा डबा असायचा. रोज सकाळी तो उकिरड्यावर रिता करून झुंबरबाई नवी राख भरायची.

"जिनिंग सोडून धा वर्सं झाली, तरी तुमी अजून तिथला माल उकिरड्याला पाठवायलात."

"फुकट हाय. ने की," नवरा म्हणायचा.

रविवारी लेकीला, दैवशालाला बघायला चुडाव्याचे पाहुणे यायचे होते. आधीचं स्थळ हा खोकला ऐकूनच उठलं होतं, घरात क्षय हाय म्हणत. क्षय नसल्याचा डॉक्टरचा कागद होता, पण पोह्यांच्या बशीबरोबर कागद कोण फिरवणार?

म्हणून झुंबरबाईनं अफू आणली. शेतात जाताना लेकरू निजावं म्हणून बाया चाटवायच्या, तीच. लेकराला मोहरीएवढी, तर बाप्याला ज्वारीएवढी, असं तिनं मनाशीच ठरवलं.

"हे काय गं?"

"औषध. पोरीसाठी गप राहा दोन दिवस."

किशनरावानं वास घेतला, तिच्याकडं बघितलं आणि गोळी गिळली.

पाहुण्यांना पोरगी पसंत पडली. भिंतीला टेकून पेंगणाऱ्या किशनरावाकडं बघून व्याही म्हणाले, "लय शांत माणूस." असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

होकाराचं पत्र हातात पडेस्तोवर तिनं गोळी चालूच ठेवली. सकाळी डबा बघावा तर राख कोरडी. उतार पडला म्हणून तिनं मारुतीला नारळसुद्धा फोडला.

पाचव्या दिवशी पत्र आलं आणि तापही. श्वासागणिक छातीत घागर बुडाल्यागत आवाज यायला लागला. जिंतूरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या आणि काय दिलं ते विचारलं. तिनं सांगितलं.

"बाई, आत गेलेली घाण कफात चिकटते. छाती तो कफ वर ढकलते, खोकला बाहेर टाकतो. तुम्ही झाडणाऱ्यालाच झोपवलं. सगळं आत साठून पिकलंय."

"मंग खोकला रोग नव्हता?"

"यांना तोच राखत होता."

दोनच दिवसांत किशनराव गेला.

लग्न चैत्रात लागलं. त्या दिवशीही पहाटे झुंबरबाईला आपोआप जाग आली. खाटेखालचा डबा काढून ती उकिरड्यावर गेली. कोरडी राख ओतली. परत येऊन चुलीतली नवी भरली, डबा जागेवर सरकवला, आणि हात धुऊन पोरीची वेणी घालायला बसली.