हाकेवर येणारा हात

रिलेच्या शर्यतीत मागून येणारीनं ओरडायचं असतं आणि पुढे उभी असलेलीनं मागे न बघता हात मागे करायचा असतो. मागे बघायला गेलं की वेग जातो, म्हणून बॅटनचा सगळा कारभार त्या एका हाकेवर चालतो. इतर संघांत 'घे' म्हणतात, नाहीतर 'हात' म्हणतात. पण आठ लेनमध्ये आठजणी एकदम 'घे' म्हणून किंचाळल्या की कुणाचं 'घे' कुणी घ्यायचं ते कळत नाही. या कॉलेजच्या मुलींनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला होता. त्यांची तिसऱ्या टप्प्याला पळणारी मुलगी चौथ्या टप्प्याच्या मुलीला 'कोळसा' अशी हाक मारायची.

ही हाक तिसरीनंच शोधून काढली होती आणि त्याचा तिला कोण अभिमान! पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी त्या नव्या मुलीनं आपलं नाव सांगितलं, ते कुणाला धड म्हणता येईना. चार अक्षरांचं नाव, त्यातलं एक घशातून काढायचं. तिचे आईवडील दुसऱ्या मुलखातून कामासाठी इथं आलेले. त्या लोकांची भाषा वेगळी, रंग गडद, आणि वस्ती शहराच्या पार कडेला. कोचनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं आणि शेवटी शिट्टी तोंडात घातली. तेव्हा तिसरी म्हणाली, "सर, आपण हिला कोळसा म्हणू या. एकदा पेटली की बघा कशी सुटते!" सगळ्या हसल्या. ती मुलगीही हसली. तिचं ते हसणं तिसरीनं पुढे तीन वर्षं पावतीसारखं जपून ठेवलं, कुणी विचारलंच तर दाखवायला.

विचारलं कुणीच नाही. टोपणनावं काय, सगळ्यांनाच होती. पहिल्या टप्प्याची मुलगी उंच, म्हणून जिराफ. दुसरी हडकुळी, म्हणून सुतळी. तिसरी स्वतः रोज सरावाला शेवटून पहिली यायची, म्हणून गोगलगाय. शर्यत रंगात आली की कॉलेजची पोरं "पेटला, पेटला, कोळसा पेटला!" म्हणून स्टेडियम डोक्यावर घ्यायची. आपण मात्र त्या मुलीला चौथीच म्हणू.

तिसऱ्या वर्षी प्रत्येक खेळाडूला खेळाबाहेरचा एक विषय घ्यावा लागायचा. तिसरीनं यादी बघितली ती विषयांसाठी नव्हे, वेळांसाठी. 'वंश, वर्ण आणि समाज', अकरा ते बारा, तळमजला. सराव आटपून, आंघोळ करून, पंख्याखाली एक डुलकी काढायला याहून चांगली वेळ नव्हती. शिवाय त्या बाई कुणाला नापास करत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. बाई साठीच्या, बुटक्या, फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत हातच न पोचणाऱ्या. आवाज कधी चढवत नसत. पहिला आठवडा तिसरी छान झोपली.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी जुने तक्ते भिंतीला लावले. कोणे एके काळी काही विद्वान पितळी पट्ट्या घेऊन दुसऱ्या लोकांची डोकी, नाकं आणि पोटऱ्या मोजत हिंडले होते, आणि त्या आकड्यांवरून कुणी विचार करायचा, कुणी ओझी वाहायची नि कुणी पळायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पोटरीचं चित्र बघून तिसरीची झोप उडाली. त्यांचे कोच अगदी हेच म्हणायचे. "त्या लोकांच्या रक्तातच आहे गं पळणं. तुम्हाला मेहनत करावी लागते, तिला काय?" बाई कोचना ओळखतही नव्हत्या. त्या खडूची पूड झटकत म्हणाल्या, "वेग रक्तात असतो असं एकदा म्हटलं ना, की फार सोय होते. घाम कुणी गाळला ते बघावं लागत नाही."

चौथी रोज सगळ्यांच्या आधी अर्धा तास मैदानावर यायची. पाठीला वाळूची पिशवी बांधून प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. होस्टेलच्या खिडकीतून दात घासत तिसरीनं हे तीन वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं. आणि खाली उतरून म्हणायची काय, तर हिला काय, हिच्या रक्तातच आहे! त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या तिचे कान तापले. लाज वाटली म्हणजे चांगलीच वाटली.

पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच शहाणा होतो असं थोडंच आहे? बाईंनी निबंध सांगितला. विषय, 'मी दुसऱ्याला दिलेलं नाव'. "तुम्हाला मिळालेलं नको," बाई म्हणाल्या, "त्यावर सगळेच भरभरून लिहितात. तुम्ही दिलेलं हवं." तिसरीनं आठ पानं लिहिली. कोळसा हे नाव कसं पडलं, आपण किती आंधळ्या होतो, आता डोळे कसे उघडले, सगळं लिहिलं. स्वतःला इतकं फैलावर घेतलं की लिहिताना तिचं तिलाच बरं वाटायला लागलं. खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पैकीच्या पैकी गुण कुठे जात नाहीत अशा खात्रीनं तिनं तो देऊन टाकला.

निबंध परत आला तो गुणांशिवाय. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एक ओळ होती : "तिला विचारलंत का?"

हात्तिच्या, एवढंच ना! तिसरी त्याच दिवशी विचारायला गेली. कशी, तर सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्या जमलेल्या असताना, बाकावर उभी राहून. "मला सगळ्यांसमोर एक बोलायचंय," तिनं सुरुवात केली आणि मग गाडी थांबेना. आपण हिच्याशी किती वाईट वागलो, हिच्या रंगावरून नाव ठेवलं, हे मी निबंधातही लिहिलंय, आपण सगळ्यांनी हिची माफी मागायला हवी, आजपासून तो शब्द बंद. जिराफ एका पायात बूट घालून तशीच उभी राहिली. सुतळीनं मुसमुसायला सुरुवात केली. चौथी आरशासमोर केस बांधत होती, रबर दातांत धरलेलं. तिनं केस बांधून पूर्ण केले, पिशवी उचलली आणि म्हणाली, "झालं?"

एवढं बोलून ती बाहेर पडली. तिसरी मागे धावली आणि पायऱ्यांवर तिला गाठलं.

"अगं, मी तुझी माफी मागत होते!"

"माझी? मला वाटलं त्यांना भाषण देत होतीस. आता एक आठवडा सगळ्या माझ्याशी हळू आवाजात बोलणार, आजारी माणसाशी बोलतात तशा."

तिसरीला हे लागलं. लागलं की माणूस जे करतो तेच तिनं केलं. तिनं ती जपून ठेवलेली पावती काढली. "मग तू तेव्हा का नाही बोललीस? तूसुद्धा हसलीस की! आणि मला गोगलगाय म्हणतात, मी कधी चिडले का?"

"तुला गोगलगाय म्हणतात तेव्हा तुझ्या आईला म्हणतात का?" चौथीचा आवाज चढला नव्हता. "माझी आई हॉस्पिटलच्या धुलाईत आहे. बावीस वर्षं झाली. तिथं तिला हेच म्हणतात. ए कोळसा, चादरी झाल्या का. ए कोळसा, पडदे कुठंयत. घरी ती एका शब्दानं बोलत नाही, मला तिच्याबरोबरच्या बायकांकडून कळलं. आणि मी तिला सांगितलंय की कॉलेजात मला नावानं हाक मारतात."

 तिसरी एक पायरी खाली उतरून उभी राहिली.

"आजवर आई एकदाही शर्यत बघायला आली नाही," चौथी म्हणाली. "मीच येऊ दिलं नाही. दर वेळी काहीतरी कारण काढते. पण फायनलसाठी तिनं सुट्टी काढलीय, आता ऐकत नाही. हे बघ, मला तुझी माफी नको. निबंधात माझं काय लिहिलंयस ते तुझं तू ठेव. फक्त तो शब्द तुझ्या तोंडून नको. 'घे' म्हण. बाकीचे काय, तू ओरडलीस की ओरडतात. जमेल?"

"न जमायला काय झालं? एक शब्द तर बदलायचाय."

फायनलला तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी सरावात तिच्या तोंडातून 'को' निघालं, तिनं जीभ चावली आणि पुढे 'घे' जोडलं. सुतळीला हसू आवरेना. "कोघे! ही कोणती भाषा?" चौथी हसली नाही. पुढचे चार दिवस 'कोघे' चाललं. मग तिसरीनं मनावर घेतलं. जिने उतरताना, कपडे वाळत घालताना, आरशासमोर फेस भरल्या तोंडानं ती 'घे, घे' करत राहायची. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "अगं घेते, पण काय?" चौथीचं खरं नावही ती शिकली. ते घशातलं अक्षर चौथीनं दोनदा सुधारून दिलं आणि तिसऱ्या वेळी सोडून दिलं. कोच कुरकुरत होते. "चांगली चाललेली हाक मोडली. त्या बाईंनी काय भरवलंय या पोरींच्या डोक्यात!" तिसरी घोषणा देणाऱ्या पोरांनाही जाऊन बजावून आली आणि पोरं "हो हो, ताई" म्हणाली. शेवटच्या आठवड्यात तिच्या तोंडून एकदाही तो शब्द आला नाही. आपण बदललो, असं तिला मनापासून वाटलं. बाईंना हे कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा तिनं जुळवून ठेवली.

फायनलच्या दिवशी चौथीची आई आली. शेवटच्या वळणाजवळच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी. मागे खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसली नाही. चेहरा अगदी लेकीचा, फक्त थकलेला. धुलाईतल्या वाफेनं बोटांची कातडी सुरकुतून पांढुरकी झालेली. आपल्या जागेवर जाताना तिसरीनं तिला लांबून बघितलं आणि पुटपुटली, घे, घे, घे.

बंदूक वाजली. जिराफ सुटली, सुतळीनं तिसरीच्या हातात बॅटन ठेवलं तेव्हा त्या दुसऱ्या नंबरवर होत्या. वळण घेताना तिसरीची छाती फुटायला आली. पलीकडच्या लेनमधली मुलगी दोन पावलं पुढे होती. समोर चौथी वाकून उभी होती, आणि तिसरीनं खुणेची पट्टी ओलांडली तशी ती सुटली. तिची पाठ लांब जायला लागली. आणखी एक क्षण आणि बॅटन पोचणार नव्हतं. डोक्यात विचार असा नव्हताच, फक्त ती पाठ होती. तिसरीनं तोंड उघडलं.

"कोळसा!"

आणि हात आला. सरळ मागे, तळवा वर, बोटं फाकलेली, तीन वर्षं यायचा तसाच. बॅटन त्यात चपखल बसलं. पोरांनी हाक ऐकली आणि बजावलेलं सगळं गेलं वाऱ्यावर. "पेटला, पेटला, कोळसा पेटला!" सगळं स्टेडियम त्यात मिसळलं. पलीकडच्या लेनमध्ये शेवटच्या टप्प्याला पळणाऱ्या मुलीला चौथीनं अखेरच्या दहा पावलांत मागे टाकलं.

त्या जिंकल्या. तिसरी वळणावर गुडघ्यांवर हात टेकून उभी होती आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं तिला वाटत होतं. जिराफ आणि सुतळी येऊन तिच्या गळ्यात पडल्या, त्यांना बाजूला सारून ती चौथीकडे गेली. चौथी शेवटच्या रेषेपलीकडे एकटीच उभी होती आणि आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होती.

"मी मुद्दाम नाही..." तिसरी म्हणाली.

"माहितेय." चौथीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते घामाचं नव्हतं. "मी ठरवलं होतं, तू तो शब्द काढलास तर हात द्यायचा नाही. हरलो तर हरलो. पक्कं ठरवलं होतं. आणि माझा हात गेला गं. मला विचारलंसुद्धा नाही त्यानं."

तिसरीनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला. आपल्याला आत्ता हिचं सांत्वन करायचंय की हिच्याकडून आपलं करून घ्यायचंय, हे तिचं तिलाच सांगता येईना.

तेवढ्यात आई कठड्याला वळसा घालून आली. चौथीनं घाईघाईनं बाहीनं तोंड पुसलं. आईनं तिला पोटाशी धरलं, केसांवरून हात फिरवला आणि मग त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. चौथीनं दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. तीन वर्षं एका बॅटनला चारजणींचे हात लागत होते आणि तिसरीला त्या भाषेतलं एका नावापलीकडे काही येत नव्हतं.

"काय विचारतायत?" तिनं हळूच विचारलं.

चौथी तिच्याकडे न बघता म्हणाली, "सगळे कोळसा कोळसा म्हणून कुणाला ओरडत होते, विचारतेय. मी सांगितलं, पलीकडच्या लेनमधल्या मुलीला."

पलीकडच्या लेनमधली मुलगी हरून गवतावर बसली होती. दुधासारखी गोरी, उन्हानं लालबुंद झालेली. आईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मान डोलवली, जणू पटलंच, आणि लेकीला ऐकू जाईल अशा बेतानं, आता इथल्या भाषेत, म्हणाली, "बिचारी."

मग ती तिसरीकडे वळली. आवाजात कुठे धार नव्हती, उलट माया होती. "तू हिची मैत्रीण ना? घरी तुमचं सगळं सांगते ही. तू हिला नावानं हाक मारतेस ना, बाळा?"

चौथी खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागली. तिसरीनं तोंड उघडलं, पण ते घशातलं अक्षर काही येईना. तिनं मान हलवून हो म्हटलं.