लाल ठिपक्याचे शिंपले

माझी सून माझ्याशी भांडत नाही, हेच मला पटत नाही. काल जेवायच्या वेळी तिनं पातेल्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण परत ठेवलं आणि अनवाणीच किनाऱ्यावर निघून गेली. एक शब्द नाही. घरात सासू बसली आहे की ओंडका?

आता यात माझं काय चुकलं, सांगा. स्वयंपाकघरात बादली, बादलीत खारं पाणी, पाण्यात शिंपले. पोटातली वाळू सुटावी म्हणून शिंपले असेच तर ठेवतात. माझा जन्म गेला त्यात. मी धुतले, उकडले. प्रत्येकाच्या पाठीवर लाल ठिपका होता खरा, नखांना लावतात त्या रंगाचा. वाटलं, पोरीला हौस आली असेल. स्वतःच्या लग्नात नखं रंगवली नाहीत, आता शिंपल्यांची रंगवतेय.

"आई, ते खायचे नव्हते," मुलगा म्हणाला. "तिच्या संशोधन केंद्रात अंड्यातून वाढवलेत. आज दुपारच्या ओहोटीला वाळूत सोडणार होती, म्हणून घरी आणले. ठिपका ओळखीसाठी."

"समुद्रात शिंपले सोडायचे? उद्या आभाळात कावळे सोडाल."

"तू शेवटची कधी गेलीस वेचायला?"

गुडघे धरल्यापासून गेलेच नव्हते.

मग गेले. धक्क्यापलीकडे पट्टीभर वाळू उरली आहे, तिथं सून पाठमोरी बसली होती. अलीकडेच थांबून मी टाच रोवली. आम्ही टाचेनंच शोधतो. दाबून फिरवली की खाली कडक लागतं. पूर्वी इथं पाऊल ठेवायला जागा नसायची, इतके शिंपले. धक्का बांधला आणि वाळूवर गाळ बसला म्हणतात. टाच नुसती आत जात राहिली, लोण्यात जावी तशी. इथं फिरवली, तिथं फिरवली. समुद्र तोच, टाच तीच. मला काही कळेना. गेले कुठे सगळे?

"आई, पडाल," सून म्हणाली आणि माझा दंड धरला.

तिच्या आधारानं गाळातून बाहेर आले. ती डोळे पुसत होती, मी टाच.

"अजून आहेत का तुझ्या केंद्रात?"

"थोडे आहेत."

"आण. पण बादली माझ्या खाटेखाली ठेवायची," मी तिला बजावलं. "स्वयंपाकघरात दिसली तर मी शिजवणारच."