चिकातली वाट

मित्रांनो, माझं वय विचारलंत तर माझीच पंचाईत होते. आम्ही जीवाणू म्हातारे होत नाही, एकाचे दोन होतो. त्यामुळे मी तळ्यातल्या गाळाइतका जुना आहे आणि काल सकाळी जन्मलेलाही आहे. माझ्या पोटात लोखंडी कणांची एक सरळ माळ आहे. पृथ्वीचं चुंबकत्व त्या माळेला हलकेच वळवतं आणि मी शेपूट फिरवत खाली गाळाकडे निघतो. वरची हवा मला सोसत नाही. स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही, म्हणजे मला रक्तच नाही, पण तुम्हाला समजलं असेल.

एका संशोधक ताईने तळ्यातला गाळ बरणीत भरून आणला आणि आमचं बिऱ्हाड प्रयोगशाळेच्या खिडकीत आलं. सुरुवातीला आमचं कोण कौतुक! तिने चुंबक फिरवलं की आम्ही सगळे एकदम वळायचो आणि ती शेजारच्या टेबलांवरच्यांना बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवायची. माणसाच्या छातीतल्या दाट कफातून औषध पाठीवर घेऊन आम्ही पलीकडे पोहावं, असं तिचं स्वप्न होतं. म्हणून तिने काचपट्टीवर भेंडीच्या चिकासारखा बुळबुळीत द्रव पसरला, एका कडेला आम्हाला सोडलं आणि दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून वीज सोडून त्यांचं चुंबक केलं.

आम्ही निघालो आणि अडकलो. त्या चिकात बारीक धाग्यांचं जाळं असतं. धागा आडवा आला की जरा बाजूला वळून जावं लागतं. पण चुंबकाची ओढ इतकी, की मान वळवायची सोय नाही. मी धाग्याला नाक लावून जागच्या जागी शेपूट फिरवत राहिलो. जीव नुसता तळमळत होता.

"जोर कमी पडतोय," तिचे सर म्हणाले. तिने जोर वाढवला आणि आम्ही आणखी घट्ट रुतलो. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हाच. रोज नवी काचपट्टी आणि संध्याकाळी परत बरणीत, असे कित्येक आठवडे गेले. ताई बरणीकडे कौतुकाने बघेनाशी झाली. शेवटी सरांनी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत एकही पलीकडे गेला नाही, तर बरणी वाफेच्या कुकरमध्ये घालून निर्जंतुक कर. उगाच जागा अडते." त्या बरणीत माझं सगळं गणगोत होतं, मित्रांनो. मी फार घाबरलो.

शुक्रवारी वेटोळी इतकी तापली की हात लाववेना. ती निवावीत म्हणून ताईने वीज अगदी बारीक केली आणि ती डबा खायला गेली. ओढ राहिली, पण कुणी बोट धरावं एवढीच. मी डावीकडे वळलो आणि धाग्यापासून सुटलो. पुढे दुसरा धागा, पुन्हा वळसा. धडपडत, वाकडातिकडा होत मी पलीकडच्या कडेला पोचलो. मागोमाग माझी भावंडं आली.

ताई परतली, तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ उचलला नाही. मग तिने सरांना बोलावलं. त्यांनीही पाहिलं आणि विचारलं, "जोर किती दिलास?"

"दिला नाही सर, कमी केला होता," ताई म्हणाली. "आपण त्यांना वळायला जागाच देत नव्हतो."

 बरणी सरांनी स्वतः उचलून खिडकीत नीट ठेवली.

आता सगळे त्या बरणीभोवती जमले आहेत. काचपट्टी इथेच टेबलावर विसरली आहे आणि माझा थेंब कडेने सुकत चालला आहे. गणगोत वाचलं, याचा मला आनंद आहे. तुम्हाला एकच सांगणं. धाकट्या भावंडाला किंवा एखाद्या मुक्या जनावराला कुठे न्यायचं असेल, तर बोट धरा, पण त्याला थोडं वळू द्या. आणि पोचल्यावर त्याला तिथेच विसरून जाऊ नका. मी अजून पोहतोय.