चढावर चढणारी गोटी

ताईने दारापाशी काचेची गोटी ठेवली, बोट उचललं, आणि खोलीतल्या झाडून साऱ्या माणसांनी श्वास रोखला. समोर जमीन चढत गेली होती आणि चढाच्या टोकाला महाराज खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गोटी जरा थबकली. मग चढावरून वर निघाली ती थेट महाराजांच्या पायाला जाऊन टेकली. बायकांनी हात जोडले. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

महाराजांनी गोटी उचलून मुठीत धरली. "आजार माझ्याकडे आला. श्रद्धेला चढ आडवा येत नाही. विज्ञानाचे नियम दाराबाहेर काढून ठेवायचे, चपलांसारखे."

ताईची धाकटी बहीण भिंतीशी उभी होती. शाळेत ती चित्रकला शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणत. चपला निदान परत मिळतात, असं तिच्या मनात आलं. पण गोटी चढली होती हे तिनेही पाहिलं होतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नव्हतं. ताईचं हृदय अधू होतं. पहिल्यांदा गोटी चढली तेव्हापासून तिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आता तिचे पाय सुजायचे, दोन जिने चढताना धाप लागायची. आजार निघून जाताना असाच त्रास देतो, असं महाराजांनी सांगून ठेवलं होतं.

बाईला संशय होता, पण संशयाला धरायला काही सापडत नव्हतं. गोटी तिने हातात घेऊन पाहिली. साधी काचेची होती. खोलीत खिडकी नव्हती, टांगलेलं काही नव्हतं, आणि पाणी आत न्यायला बंदी होती. आत शिरलं की थोडं गरगरायचं. ही महाराजांची शक्ती, असं भक्त म्हणत.

त्याच सुमारास बाई वडिलांचा जुना रिळाचा कॅमेरा चालवायला शिकत होती. फोटोच्या दुकानातले काका तिला शिकवत आणि तिचे फोटो पाहून कपाळाला हात लावत. तिने काढलेली घरं कलायची, पूल घसरायचे. शेवटी काकांनी तिला कॅमेरा बसवायची तिपाई दिली. तिपाईच्या डोक्यावर छोटी नळी होती, नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की कॅमेरा समतल. डोळ्याला काय वाटतं ते नंतर, आधी बुडबुडा बघायचा, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

महाराजांना भिंतीवर लावायला आपला मोठा फोटो हवा होता. ताईने हौसेने बहिणीचं नाव पुढे केलं, आणि बाईने नाही म्हटलं नाही. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला महाराज, मध्ये भक्त, असं सगळं मावावं म्हणून ती बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिने बुडबुडा मधोमध आणला आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. सबंध खोली महाराजांकडे कलली होती. भिंतीवरचा रंगीत पट्टा उतरत गेला होता, दाराची चौकट तिरकी झाली होती.

आपल्याला अजून जमतच नाही, म्हणून ती आधी ओशाळली. तिने पट्टा सरळ दिसेल असा कॅमेरा फिरवला, तर बुडबुडा नळीच्या टोकाला पळाला. आता कोणाचं खरं मानायचं? तिने दोन्ही फोटो काढले.

फोटो धुऊन आले तेव्हा ती त्यांच्यावर बराच वेळ वाकून बसली. पट्टा सरळ होता त्या फोटोत पुढे बसलेल्या एका आजींचे लोंबते डूल महाराजांच्या दिशेने तिरपे झाले होते. ताईच्या हातातली पिशवीही तशीच, जणू वारा सुटला होता. वाकडी खोली दिसत होती त्या फोटोत मात्र डूल आणि पिशवी सरळ खाली लोंबत होती.

तिने दोन्ही फोटो ताईपुढे ठेवले. ताईने ते बाजूला सारले.

"तुझा कॅमेराच वाकडा आहे. लहानपणापासून तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही."

बाईला ते लागलं. दोऱ्याला घराची किल्ली बांधून तिने ताईच्या हातात दिली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. टांगलेला दोरा सरळ खालीच लोंबतो. तिथे हे तू स्वतः धरून बघ."

पुढच्या बैठकीला ताई बहिणीला खोटं पाडायलाच गेली. भिंतीजवळ उभं राहून तिने दोरा सोडला. किल्ली स्थिर झाली आणि दोरा तिरपा राहिला, चौकटीपासून लांब, महाराजांकडे झुकलेला. तिने हात बदलला. दोरा तसाच.

"संशय घेतलास तर आजार दुपटीने परत येईल," महाराज म्हणाले.

"दोऱ्याला कसला आलाय संशय?" ताईने शांतपणे विचारलं.

मग डूलवाल्या आजींनी दोरा मागून घेतला, मग आणखी कुणी. एका सुताराने भिंतीवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. त्याने पट्ट्याची फळी उचकटली तर मागे दुसरी भिंत निघाली, सरळसोट उभी. ही जागा पूर्वी गाड्या धुण्याची होती. पाणी वाहून जावं म्हणून तिची जमीन उतरती केलेली होती, आणि उतार महाराजांच्या खुर्चीकडे होता. त्यावर फळ्यांच्या भिंती आणि छत त्याच दिशेला, पण त्याहून अधिक तिरकी बसवली होती. डोळे भिंतींना सरळ मानत, म्हणून उतार चढ वाटे. गोटी बिचारी खालीच घरंगळत होती. गडबडीत महाराज मागच्या दाराने निघून गेले.

ताई त्याच संध्याकाळी बहिणीबरोबर डॉक्टरांकडे गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पायांची सूज हळूहळू उतरली. हृदयाचं जे नुकसान मधल्या काळात झालं, ते सगळं भरून येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी येताना ताई म्हणाली, "मी मूर्ख ठरले गं."

"मलाही गोटी चढतानाच दिसली होती, ताई."

यात लाजण्यासारखं काही नाही. डोळे सगळ्यांचेच फसतात, शिकलेल्यांचेही. चमत्कार दिसला तर तो जरूर पाहावा, पण मोजूनही पाहावा. आणि जो मोजू देत नाही, त्याच्या शब्दावर आपलं औषध कधीही बंद करू नये.